वळणापलीकडे कोण

शोरूममधल्या उभ्या गाडीवर बसलेल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. गाडी स्टँडला लावलेली, टाकीत पेट्रोलचा थेंब नाही, चाकाखाली चकचकीत फरशी. तरी माणूस आपोआप जरा पुढे झुकतो, आरशात बघतो, उगाचच क्लच दाबून सोडतो आणि काचेबाहेरच्या रस्त्याकडे नजर लावून बसतो. भाचीला गाडी घ्यायची म्हणून वसईपासून विरारपर्यंतची शोरूम पालथी घातली, तेव्हा हा चेहरा मी बऱ्याच जणांवर पाहिला. नुकती मिसरूड फुटलेल्या पोरांवर तर होताच. पण मुलाला गाडी घेऊन द्यायला आलेले एक सद्गृहस्थ, मुलगा कागदपत्रांत गुंतलेला बघून हळूच पलीकडच्या गाडीवर जाऊन बसले, त्यांच्यावरही होता.

भाची मात्र गाडीवर बसली की खाली बघायची. पायांकडे. तिची उंची पाच फुटांच्या जेमतेम वर. बहुतेक गाड्यांवर तिचे चवडे टेकायचे, टाचा अधांतरी. ‘सवय होते, मॅडम,’ सेल्समन म्हणाला. ‘सवय होईपर्यंत काय टेकू?’ तिने विचारलं. त्याने लगबगीने ईएमआयचा कागद पुढे केला.

तिला वालीवच्या एका औषधांच्या कंपनीत नोकरी लागली, तिथून हे सगळं सुरू झालं. आमचं गाव पश्चिमेला, निर्मळच्या बाजूला. सकाळच्या पाळीला पोचायचं तर गावातून रिक्षा, स्टेशनपाशी उतरून पुलावरून पूर्वेला, आणि तिथे पुन्हा शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या बुडावर बसून पुढे. वसईत पश्चिमेकडून पूर्वेला जायचं म्हणजे रेल्वेलाइन ओलांडायची, आणि ती ओलांडण्यातच निम्मा दिवस जातो असं इथल्या कुणालाही वाटतं. तेव्हा गाडी हवी यावर घरात एकमत झालं. मतभेद पुढे होते. ‘अ‍ॅक्टिव्हा घे ना गं, सगळ्या तीच घेतात,’ ताई म्हणाली. भाचीचं म्हणणं, आपल्या रस्त्यांना चाक मोठं लागतं. स्कूटरचं बारकं चाक खड्ड्यात उतरतं, मोटारसायकलचं त्याच्या काठावरून निघून जातं. मुद्दा बिनतोड होता. पण ताई तिच्याकडे नुसती बघत राहिली, तेव्हा तिने खरं काय ते सांगून टाकलं. ‘आणि मला गिअर टाकायचाय. बस्स.’

आमच्या घरात याआधी गाडी कुणी निवडली नव्हती. गाडी यायची. आजोबांची सायकल कुणाकडून तरी आली आणि त्यांच्यामागेही बरीच वर्षं ओसरीत उभी होती. वडिलांनी बजाजची एम-८० घेतली ती विड्याच्या पानांच्या करंड्या मागे बांधता येतात म्हणून. रंग कुठला हवा, असं त्यांना कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. चेतकसाठी पैसे भरून माणसं वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघत. काकांकडे जुनी बुलेट होती. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली. म्हणजे आजच्या गाडीच्या नेमकं उलट. कुणी मागायला आलं तर काका कधी नाही म्हणत नसत. ‘ने की’ म्हणत. माणूस वाडीच्या फाटकापर्यंत जाई, गिअर समजून ब्रेक दाबी आणि गाडी ढकलत परत आणून लावी. पलीकडच्या आळीत येझदी होती, तिची किक आणि गिअर एकाच दांड्यात. किक मारून झाली की तोच दांडा पुढे पाडायचा, की गिअर तयार. मग १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, पेट्रोल भरून विसरून जायची गाडी म्हणून तिची जाहिरात होई. त्याच वर्षी यामाहाची आरएक्स १०० आली. ती १९९६ मध्ये बंद झाली, पण एखाद्या रात्री तिचा तो फाटका, खणखणीत आवाज अजून सोपाऱ्याच्या बाजूने येतो आणि माझ्या वयाची माणसं बोलता बोलता थांबतात. या सगळ्या गाड्यांवर आम्ही शिकलो ते असेच. कुणी शिकवलं नाही. ‘चल बस, क्लच सोड’ एवढाच अभ्यासक्रम.

भाचीचं तसं नव्हतं. तिने आधी प्रश्न काढले. आपल्याकडे गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: अ‍ॅव्हरेज किती देते? तिचे प्रश्न निराळे. पाय टेकतात का? हळू चालवताना पेलवते का? आणि पडली तर मला एकटीला उचलता येईल का? हा शेवटचा प्रश्न ऐकून एका शोरूममध्ये लोक हसले. ‘पडायची कशाला?’ पण वजनाचे आकडे समोर मांडले की हसू ओसरतं. साधी स्प्लेंडर ११२ किलोंच्या आसपास. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० जवळजवळ १९५ किलो. मधला फरक म्हणजे एक अख्खा धडधाकट माणूस. उभी असताना गाडी तो फरक जाणवू देत नाही. जरा कलली, की सगळा एकदम हातावर येतो.

शेवटी तिने सव्वाशे सीसीची, दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी पसंत केली. पहिली गाडी सेकंडहँड असावी हे मत आमच्या पापडीच्या मेकॅनिकचं. नवी गाडी पडली की माणूस आधी गाडीकडे बघतो आणि मग स्वतःकडे, असं तो म्हणतो. जुनी गाडी कशी बघावी याचे त्याचे नियम आहेत. सांगून जायचं, पण सांगितलेल्या वेळेच्या जरा आधी पोचायचं. इंजिनाला हात लावून बघायचा. ते गरम लागलं तर मालकाने आपण येण्याआधी चालू करून ठेवलंय. थंड गाडी पहिल्या झटक्यात लागत नसणार. मागे वाकून चाकांची रेघ एक आहे का ते बघायचं. चेनला बोट लावून ती किती लोंबते ते बघायचं. आरसी बुकातला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघायचा, नुसतं हो म्हणायचं नाही. आमची गाडी एमएच-४८, म्हणजे वसईचीच निघाली. ताईला तेवढ्यानेही बरं वाटलं. आमच्या जुन्या गाड्या ठाण्याच्या एमएच-०४ नंबरच्या. तेव्हा जिल्हाही ठाणेच होता, पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये.

गाडी ताब्यात घेतली त्याच दिवशी मेकॅनिकने ती गॅरेजसमोरच्या मातीत आडवी पाडली. मुद्दाम. भाचीचा जीव वरखाली. ‘उचल,’ तो म्हणाला. तिने हँडल धरून पुढून ओढून पाहिली. गाडी तसूभर हलली नाही. ‘हातांनी नाही. आधी इंजिन बंद आहे ना बघ. स्टँड पलीकडच्या बाजूला असेल तर आत्ताच काढून ठेव, नाहीतर उचललीस की तिकडे पडेल. आता पाठ फिरव.’ ती गाडीकडे पाठ करून उकिडवी बसली, सीटच्या कडेला कंबर टेकवली, एका हाताने हँडल आपल्याकडे वळवून धरलं, दुसऱ्याने मागचा कॅरिअर. ‘आता मागे मागे चालत जा, बारकी पावलं टाक.’ मातीत तिच्या टाचा रुतल्या, चेहरा लाल झाला, आणि गाडी कण्हत कण्हत वर आली. समोरच्या टपरीवर चहा पिणाऱ्यांपैकी कुणी तरी टाळी वाजवली. तिने ते ऐकलंच नसावं. ती म्हणाली, ‘परत पाडा.’

हेल्मेट मात्र गाडीच्या आधी आलं होतं. २०२१ च्या जूनपासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआयच्या शिक्क्याशिवाय विकायलाच बंदी आहे, तरी हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेल्या रंगीत वाट्या अजून दिसतात. दुकानात भाचीने हेल्मेट चढवून मान जोरजोरात हलवली. डोकं फिरलं आणि हेल्मेट जागच्या जागी राहिलं, तर ते सैल. गाल जरा दाबले गेले पाहिजेत, हनुवटीखालचा पट्टा आवळल्यावर दोन बोटं आत जावीत, तीन नकोत. एवढं सगळं बघून घेतलेलं हेल्मेट आमच्या गावात लोक कोपरात अडकवून फिरतात. पोलीस उभे असतात तो नाका जवळ आला की ते डोक्यावर जातं, नाका सरला की परत कोपरात. का, तर ‘गावातच तर जायचंय.’ जणू गावातला डांबरी रस्ता आपल्याला ओळखतो.

शिकायचं म्हणून आम्ही रविवारी भल्या पहाटे सनसिटीच्या बाजूच्या मोकळ्या मैदानावर जायचो. लर्निंग लायसन्स हातात आलेलं, पुढेमागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ चिकटवलेला. तिथे आमच्यासारखे बरेच असतात: बायकोला स्कूटर शिकवता शिकवता आवाज चढलेले नवरे, मुलाच्या मागे धावून दमलेले बाप, आणि या सगळ्यांना वळसे घालत फेऱ्या मारणारी ज्येष्ठ मंडळी. क्लच म्हणजे काय, ते सांगून कळत नाही. मी तिला ॲक्सिलरेटरला हातच लावू नको म्हटलं. गाडी चालू, पहिला गिअर, आणि डाव्या हाताची बोटं केसाकेसाने सोडायची. बराच वेळ काहीच होत नाही. मग एका जागी इंजिनाचा आवाज जरा बसतो, पुढचं चाक आपली जागा सोडायची इच्छा दाखवतं, आणि पायाखालची जमीन एक बोटभर मागे सरते. तिथेच थांबायचं. परत क्लच दाबायचा. परत सोडायचा. ती तेवढंच करत राहिली, आणि मला कंटाळा आला तरी तिला आला नाही. तिथे धावणारे एक आजोबा तिसऱ्या फेरीला विचारून गेले, ‘बिघडलीय का गाडी?’

ब्रेकचं निराळंच. आपल्याकडे पुढच्या ब्रेकची धास्ती लहानपणीच सायकलवर बसते. पुढचा दाबला की तोंडावर आपटशील, असं प्रत्येकाला कुणी तरी सांगितलेलं असतं. म्हणून वर्षानुवर्षं गाडी चालवणारी माणसंही नुसत्या पायाच्या ब्रेकवर भागवतात आणि ऐन वेळी मागचं चाक घासत, फरफटत जातात. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते, कारण ब्रेक दाबला की सगळा भार पुढे येतो. म्हणून दोन्ही एकदम, आणि पुढचा मुठीत पिळत पिळत, हिसका न देता. हल्ली सव्वाशे सीसीपर्यंतच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडलेले देतात, त्यावरच्यांना एबीएस. २०१९ पासून ते सक्तीचं आहे. तरी कोरड्या रस्त्यावर हातांना ते कळायला हवंच. ओल्या रस्त्यावर, वाळूवर काय करायचं हे मग त्यावर अवलंबून.

आठचा आकडा काढताना तिची गाडी सारखी आतल्या बाजूला पडायला यायची. ती पुढच्या चाकाकडे बघत होती. मी सांगितलं, चाकाकडे बघू नको, जिथून बाहेर पडायचंय तिकडे मान वळव. तिने मान वळवली आणि गाडी मुकाट नजरेमागे गेली. हे प्रत्येक शिकवणारा सांगतो, आणि ते खरंच आहे. खड्ड्याकडे बघत राहिलं की गाडी खड्ड्यात जाते. परीक्षेच्या दिवशी पाय न टेकता आठ पुरा झाला, पक्कं लायसन्स आलं, घरी पेढे आले. मला मात्र तेव्हाच एक गोष्ट खटकली. आठच्या आकड्यात जिथे जायचं ते दिसतं. आमच्या गावात दिसत नाही.

वसईच्या पश्चिमेची गावं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, वटार, आगाशीपर्यंत रस्ते बैलगाडीच्या मापाचे. कुणाची केळीची वाडी आडवी आली, कुणाचं बावखल म्हणजे तळं आलं, कुठे क्रूस, कुठे पिंपळाचा पार, की रस्ता त्याला वळसा घालून जातो. दोन्ही बाजूंना दगडी गडगे नाहीतर जास्वंदीची कुंपणं. काटकोनातली वळणं. पाच-दहा पावलांपलीकडे काय आहे ते कळायला मार्ग नाही. तरी आम्ही या रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या गाड्या चालवल्या, आणि मला वाटतं, त्या डोळ्यांनी चालवल्याच नाहीत. वेळेने चालवल्या. सकाळची मिस्सा सुटायच्या सुमाराला देवळाच्या वळणावर म्हाताऱ्या बायका घोळक्याने रस्त्याच्या मधोमध चालत येणार. साडेबाराला शाळा सुटणार. चारच्या सुमाराला अमक्याच्या म्हशी बावखलावरून परतणार. तमक्या वळणावर एक आजी दुपारभर कठड्यावर बसून असते आणि तिचा नातू तिच्या हातातून निसटून केव्हाही पळतो. कार्तिकात निर्मळची जत्रा लागली की सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, घ्यायला अख्खी वसई लोटते, तेव्हा गाडी घरीच ठेवायची. हे कुठे लिहिलेलं नाही. पण वळणापलीकडे या घटकेला कोण असेल, ते गावच्या माणसाला वळणाआधी माहीत असतं, आणि त्याचा हात आपोआप क्लचवर जातो.

मी भाचीला हेच शिकवायला बसलो. घरून कंपनीपर्यंतचा रस्ता घेतला आणि एकेक वळण सांगत गेलो. इथे सकाळी सहाला फुलांची टोपली घेऊन स्टेशनला निघालेली मावशी भेटेल. इथे कुत्री झोपतात, हॉर्न दिला तरी उठत नाहीत. इथे डाव्या हाताच्या फाटकातून डॉक्टरांची गाडी मागे मागे येत रस्त्यावर येते. ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘मामा, ते डॉक्टर गेले की. तिथे आता सात मजली बिल्डिंग आहे.’

खरंच आहे. माझ्या वेळापत्रकातली निम्मी माणसं आता त्या वेळेला तिथे नसतात. काही कुठेच नसतात. त्या जागी जी आहेत त्यांच्या वेळा मला ठाऊक नाहीत. फोनमधल्या बाईचं ऐकत वळणावर वळण घेणारा जेवणाचा डबेवाला पोरगा पहिल्यांदाच या गल्लीत आलेला असतो. त्याच्या लेखी इथे आजीही नाही, नातूही नाही, नकाशावरची एक निळी रेघ आहे. शनिवारी रविवारी मुंबईहून राजोडी-कळंबच्या किनाऱ्यांवर जाणाऱ्या गाड्यांचंही तेच. त्यांना दोष तरी काय द्यायचा? मी अंधेरीच्या गल्लीत तसाच असतो. मध्यंतरी आमच्या एका वळणावर कुणी तरी तो गोल फुगीर आरसा बसवला. पलीकडचं सगळं त्यात बारीक, वाकडं आणि फार लांब दिसतं. सुरुवातीला जुन्या लोकांनी त्याची थट्टा केली. आता तेही मान वर करून बघतात.

आणि टँकर. वसई-विरारमध्ये गाडी शिकायची आणि टँकरबद्दल बोलायचं नाही, हे व्हायचं नाही. गावच्या विहिरी-बोअरचं पाणी शहरातल्या इमारतींना नेणारे टँकर दिवसभर गळत जातात. त्यामुळे ऐन मे महिन्यात, आभाळात ढगाचा पत्ता नसताना, आमचे रस्ते ओले असतात. भाचीला मी पहिल्यांदा ‘ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक जपून’ म्हटलं ते मे महिन्यातच. त्या रस्त्यावर जूनचा पहिला पाऊस पडला की तेल, धूळ आणि पाणी मिळून जे काही होतं, त्यावरून चालतसुद्धा जाऊ नये. भुईगावच्या बाजूला किनाऱ्यावरची वाळू आणि सुरूच्या सुया रस्त्यावर पसरतात. वळणावर गाडी कलती असताना ती सापडली, तर काही सुचायच्या आत माणूस खाली असतो. हे सगळं तिने पाठ केलं नाही. पण पावसाळ्यात एकदा मी तिच्या मागे बसलो होतो, तेव्हा एका वळणाआधी तिने वेग टाकला, गाडी सरळ उभी केली आणि वळण अगदी सावकाश घेतलं. समोर काहीच नव्हतं. मी विचारलं, ‘काय दिसलं?’ ती म्हणाली, ‘वास आला. डिझेलचा.’ वळणापलीकडे रस्त्यावर खरोखरच तेलाचा इंद्रधनुषी पट्टा पसरलेला होता.

वसई किल्ल्याच्या जेट्टीवरून भाईंदरला रो-रो बोट २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तेव्हापासून तिला खाडीपलीकडे जायचंही एक खूळ लागलं आहे. समोर दिसणारं भाईंदर गाठायला आधी हायवेने घोडबंदरचा खाडीपूल ओलांडून केवढा तरी वळसा पडायचा; आता किल्ल्याच्या तटबंदीतून जाणाऱ्या रस्त्याने जेट्टीवर, गाडी बोटीत चढवायची आणि पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. बोटीच्या उतारावर चढताना इतर बायका स्कूटर ढकलत नेत होत्या. ही बसून, हाफ क्लचवर, हळू चढली. उतारावरच्या लोखंडी पट्ट्यांवर तिचा एक पाय टेकला, पूर्ण, टाचेसकट.

आता तिने जव्हारला जायचं काढलं आहे. कंपनीतल्या दोघी मैत्रिणी, तीन गाड्या, पाऊस जरा ओसरला की. मी म्हटलं, हायवेने मनोरपर्यंत जाऊ नका, ट्रक अंगावर येतात. शिरसाडला आत वळा, पारोळ, वज्रेश्वरी, अंबाडी, मग वाडा, विक्रमगड. रस्ता आतला आहे, वाहनं कमी. ती नकाशा बघत म्हणाली, ‘त्या रस्त्यावरची वळणं तुला माहीत आहेत?’

‘नाहीत.’

‘कुठल्या वळणावर सकाळी गुरं येतात, ते?’

‘ते कसं माहीत असणार?’

‘मग हायवे काय वाईट? निदान समोरचं दिसतं तरी.’

मी हायवेबद्दल बोलायला तोंड उघडलं. उलट्या बाजूने येणारे रिक्षावाले, उभे ट्रक, रात्री न दिसणारे दुभाजक, सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आतल्या रस्त्यावर किती गावं लागतात ते मोजायला लागली. ताईचं म्हणणं, दोन्ही रस्ते राहू देत, एसटीने जा. अजून काही ठरलेलं नाही.